हजर नसलेल्यांचं स्वागत

सावळीराम गुरुजींना दिसणारे पाहुणे मोठे सभ्य होते. ते बेल वाजवत नसत, चपलांचा पसारा करत नसत, आणि निघताना 'येतो' म्हणून अर्धा तास दारात उभं राहून गप्पा मारत नसत. दुपारचं ऊन हॉलमध्ये उतरलं, की सोफ्याच्या कोपऱ्यात पांढरा शर्ट, पांढरी विजार आणि टोपी घातलेला एक गृहस्थ येऊन बसे. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राही. कधी त्याच्यासोबत दोन बायका असत, कधी टीव्हीच्या टेबलाखाली एखादं लहान पोर. बोलत मात्र कोणीच नसे.

गुरुजींना पार्किन्सन होऊन बरीच वर्षं झाली होती. हात थरथरत, चाल आखडली होती, आणि एकेकाळचा खणखणीत आवाज पार बारीक झाला होता. डोकं मात्र शाबूत होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. सोफ्यावर कोणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असे. पण आलेल्या माणसाला कोणी विचारलं नाही, हे त्यांच्याच्यानं बघवत नसे.

"सविता," ते सुनेला हाक मारत, "तसं कोणी नाहीये, मला माहितीये. पण अर्धा कप चहा टाक."

सविता चहा टाके. अर्धा कप सोफ्यापुढे ठेवी आणि निवला की बेसिनमध्ये ओतून देई. एवढं केलं की म्हातारा शांत राहतो, मग दुधाचा हिशेब कशाला करायचा, असं तिचं म्हणणं होतं.

गुरुजींच्या या स्वभावाचं मूळ त्यांच्या धंद्यात होतं. धंदा म्हणजे पोटाचा नव्हे. पोटाला जिल्हा परिषदेची शाळा होती. पण आमच्या नाशिक जिल्ह्यात लग्नाला भटजी जितका लागतो, तितकाच माईकवर नावं पुकारणारा लागतो. वऱ्हाड जमलेलं असतं, मुहूर्त टळून गेलेला असतो, नवरी घामानं उतरणारा मेकअप सांभाळत उभी असते, आणि माईकवर स्वागत चाललेलं असतं. अमुक गावच्या माजी सरपंचांचं स्वागत. तमुक सोसायटीच्या व्हाइस चेअरमनचं स्वागत. ज्याचं नाव येतं तो खुर्चीतून अर्धवट उठून हात जोडतो, टाळ्या पडतात, फेटा बांधला जातो. ज्याचं नाव राहतं तो मुकाट्यानं जेवून जातो आणि पुढची पाच वर्षं मत देत नाही.

हे काम गुरुजींनी चाळीस वर्षं केलं. यादी वाचून दाखवणारे निवेदक वेगळे. गुरुजी तोंड बघून नाव घेत. हजर नसलेल्या माणसाचं नाव यजमानानं कानाशी लागून दहादा सांगितलं तरी घेत नसत. "माझ्या माईकवरून कोणी राहिलं नाही आणि कोणी फुकट आलं नाही," असं ते स्वतःच सांगत, आणि ऐकणारा मान डोलवी. एखाद्याचं नाव ऐनवेळी आठवलं नाही, तर त्यांच्याकडे एक हुकमी तोड होती: "आमचे मार्गदर्शक, चेअरमन साहेब." ती कधी चुकली नाही. आपल्याकडे पांढरे कपडे घालून पुढच्या सोफ्यावर बसलेला माणूस कशाचा ना कशाचा चेअरमन असतोच. दुधाचा असेल, पाण्याचा असेल, पतसंस्थेचा असेल. कशाचा, हे विचारायची पद्धत नाही.

आणि आता गुरुजींच्या नातीचं, सृष्टीचं, लग्न ठरलं होतं. तिच्या लग्नात माईक आपल्या हातात असावा, याखेरीज त्यांना आयुष्याकडून काही नको होतं. सृष्टीनंही सांगून टाकलं होतं, "नावं आजोबाच पुकारतील. दुसरा कोणी बोलला तर मी हार घालणार नाही."

साखरपुडा गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर झाला. गुरुजींनी माईक हातात घेतला. आवाज बारीक होता म्हणून साउंडवाल्यानं बटण पुढं सारलं. तोंडं ओळखीची होती, नावं झरझर आली. आणि तेवढ्यात पहिल्या सोफ्यावर तो घरचाच पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ बसलेला दिसला, गुडघ्यांवर हात ठेवून. घरी चहा तरी मिळायचा, इथं त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. गुरुजींचं काळीज कळवळलं. कामाच्या भरात सगळं विसरून ते बोलून गेले, "आमचे मार्गदर्शक, चेअरमन साहेब, यांचं स्वागत."

टाळ्या पडल्या. एकानं धावत जाऊन फेटा नेला, सोफ्यावर कोणी दिसेना म्हणून उशीवर ठेवला, फोटोग्राफरनं त्या फेट्याचा फोटो काढला. गुरुजींच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण जेवणाच्या पंगतीत वेगळाच प्रकार सुरू झाला. सृष्टीचे होणारे सासरे, म्हणजे व्याही, लासलगावचे कांद्याचे व्यापारी. बाजारात रोज हजार माणसं ओळखणारा माणूस. ते म्हणाले, "चेअरमन लय थकल्यासारखे वाटले."

"निवडणुकीची धावपळ," दुसरा म्हणाला. "मला पार्किंगमधी भेटले. जेवायला थांबा म्हणलं, थांबले नाय."

तिसऱ्यानं त्यांची गाडीही बघितली होती. संध्याकाळपर्यंत चेअरमनला पांढरी मोठी गाडी, एक ड्रायव्हर आणि शुगर झाली.

गुरुजींनी घरी आल्यावर मुलाला, सृष्टीच्या वडिलांना, महेशला, बाजूला घेतलं. "महेश, तिथं कोणी नव्हतं रे. ते मला दिसतात, त्यांतले होते."

महेश एका पतसंस्थेच्या संचालकपदासाठी उभा होता. चेअरमन येऊन गेल्यापासून त्याला आपणहून फोन येत होते, आणि आजवर ज्यांनी त्याचा फोन उचलला नव्हता त्यांचे येत होते. "नव्हते हे तुम्हाला माहीत आहे, नाना," तो म्हणाला. "लोकांना कुठं माहीत आहे?"

त्यानंतर आठवड्याभरात गोष्ट हाताबाहेर गेली. सविता सकाळी चहा घेऊन खोलीत गेली, तर गुरुजी फरशीवर, कपाळावर खोक पडलेली. पलंगावरची चादर नीट अंथरलेली, उशी झटकून ठेवलेली.

"बायामाणसं आली होती," गुरुजी ओशाळून म्हणाले. "त्यांना कुठं झोपवायचं? मी म्हटलं, मी खाली टेकतो. टेकता टेकता तोल गेला."

सवितानं टाके घालून आणले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मेंदूच्या डॉक्टर तेजस्विनीबाईंकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या, आणि विशेष म्हणजे पेशंटचं ऐकून घेत. गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं, चेअरमनसकट.

"भीती वाटते का त्यांची?" डॉक्टरांनी विचारलं.

"भीती कसली? पाहुणे आहेत."

"नुसते दिसत असते तर कदाचित मी गोळी दिली नसती. पण तुम्ही त्यांच्यासाठी पलंग सोडताय. पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडेल. गुरुजी, तुम्ही माईकवर बोलायचात ना? मग समजेल तुम्हाला. मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर असतात. माईकच समजा. शरीरातलं एखादं रसायन येतं, माईकपुढं उभं राहतं, बोलतं, आणि ते आत पोचतं. आता मला सांगा, माईकपुढं कोणीच नसताना साउंडचा सेट गप्प असतो का?"

"छे. घूं घूं करतो."

"तसंच. काही रिसेप्टर कोणी येवो न येवो, स्वतःहून थोडं थोडं चालूच असतात. सिरोटोनिन नावाच्या रसायनाचा एक रिसेप्टर तसा आहे. दिसण्याच्या कामात त्याचा हात असतो, आणि तुमच्या आजारात त्याचा जोर वाढतो. मग बाहेर कोणी नसलं तरी आत माणूस उभा राहतो."

गुरुजी जन्माचे मास्तर. त्यांनी शंका काढली. "मग माईकपुढं एखादा गप्प बसणारा माणूस उभा करा. दुसऱ्या कोणाला बोलता येणार नाही."

"अशा गोळ्या असतात. त्या जागा अडवतात, बस. दुसरा बोलू शकत नाही, पण सेटची घूं घूं चालूच राहते. ही गोळी त्याच जागेवर उभी राहते आणि वर आवाजाचं बटणही खाली ओढते. रिकाम्या सेटचा जो आपोआप आवाज असतो, त्याच्याही खाली. म्हणून हिला उलट काम करणारी म्हणतात. इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट."

"मग नुसत्या झोपेच्या गोळ्या, नाहीतर वेड्यांच्या... त्या का नकोत?"

"वेडावरची जुनी औषधं हालचालीला लागणारं डोपामिन अडवतात. तुमच्यात मुळात तेच कमी पडलंय. ती दिली तर पाहुणे जातील, पण तुम्हीही सोफ्यावरून उठू शकणार नाही. ही त्याला हात लावत नाही. मात्र गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच सोडायची नाही."

गुरुजी म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आलं कोणी नव्हतंच. नुसता सेटच वाजत होता."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

गोळी सुरू झाली. आधी टेबलाखालचं पोर यायचं बंद झालं. मग बायका विटलेल्या लुगड्यासारख्या फिक्या होत गेल्या आणि एक दिवस नव्हत्याच. चेअरमन सगळ्यांत चिवट निघाले. खुर्ची सोडायची त्यांना सवय नसावी. पण लग्न जवळ आलं तशी एका दुपारी ऊन सोफ्यावर पडलं, आणि सोफा नुसता सोफा होता. गुरुजी बराच वेळ बघत बसले. सुटल्यासारखं वाटलं आणि एकटंही वाटलं. आवाज गेल्यापासून खऱ्या माणसांपैकी त्यांच्याकडे येत कोण होतं? तरी मनात मोठा आनंद होता. आता नजर भरवशाची झाली होती. सृष्टीच्या लग्नात जो दिसेल तो असेल, आणि जो असेल त्याचं नाव येईल.

सवितानं ही बातमी जेवताना सांगितली, आणि महेशच्या हातातला घास तसाच राहिला.

"दिसत नाहीत म्हणजे? आता?" त्यानं आतून लग्नपत्रिका आणून टेबलावर ठेवली. व्याह्यांनी छापून घेतली होती. प्रमुख उपस्थितीच्या खाली सगळ्यांत वर, सोनेरी अक्षरांत: 'मा. चेअरमन साहेब'. नाव नव्हतं. नाव विचारणं व्याह्यांना बरं दिसलं नव्हतं. फोटो मागितला होता; साहेबांना प्रसिद्धी आवडत नाही असं महेशनं सांगितलं, तेव्हा त्यांचा आदर आणखीच वाढला होता.

"गोळी लग्नापुरती बंद ठेवू," महेश म्हणाला. "नंतर डबल द्या."

"आणि पुन्हा फरशीवर पडून त्यांचं डोकं फुटलं तर?" सविता म्हणाली. "फेटा कशावर बांधाल?"

गोळी चालू राहिली. पण महेश निवडणुकीला उभा राहिलेला माणूस, त्याला देवाणघेवाण कळत होती. दोन दिवसांनी तो वडिलांच्या शेजारी येऊन बसला. "नाना, माईक तुमचाच. सृष्टीची इच्छा आहे, माझीही आहे. फक्त चेअरमनचं नाव घ्या. एकदाच. बाकी काही नको. नाही तर मला दुसरा माणूस सांगावा लागेल."

"हजर असले तर घेईन," गुरुजी म्हणाले.

महेशनं त्याचा अर्थ हो असा घेतला.

लग्नाच्या दिवशी सवितानं त्यांना गोळी दिली, कोट चढवला आणि स्टेजच्या कडेला खुर्चीत नेऊन बसवलं. माईक हातात आला. समोर हजार-बाराशे माणूस. गुरुजी सोफ्यांच्या पहिल्या ओळीवरून नजर फिरवू लागले. नावं येत होती, माणसं उठत होती, हात जोडत होती. एकही भलतं तोंड मध्ये आलं नाही. सृष्टी स्टेजवरून त्यांच्याकडे बघून हसत होती. इतकं सुख गुरुजींना कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

पहिल्या ओळीच्या मधोमध एक सोफा रिकामा होता. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती: चेअरमन साहेब. बाजूला फेटेवाला कापड घडी करून तयार उभा. महेश मागून येऊन वाकला. "नाना, आता."

गुरुजींनी सोफ्याकडे निरखून बघितलं. सोफा रिकामाच होता.

"नाना, लोक वाट बघतायत."

गुरुजींनी माईक तोंडाजवळ नेला. "मंडळी, साखरपुड्याला मी चेअरमन साहेबांचं स्वागत केलं होतं. ती माझी चूक झाली. तसे कोणी गृहस्थ नाहीत. मला आजार आहे, त्यात ते मला दिसत होते. आता औषध चालू आहे, ते दिसत नाहीत. म्हणून आज त्यांचं नाव मला घेता येत नाही."

साउंडवाल्यानं बटण शेवटपर्यंत पुढं नेलेलं होतं. शब्द न् शब्द लॉन्सच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. सगळ्यांच्या कानावर गेलं आणि कोणीही ऐकलं नाही. 'चेअरमन साहेबांचं स्वागत' एवढं कानाला लागलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडवाल्यानं तुतारी फुंकली. व्याही उभे राहिले, म्हणून त्यांची माणसं उभी राहिली.

आणि तिसऱ्या ओळीतून एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस उठला, हात जोडत पुढं आला आणि त्या सोफ्यावर बसला.

गुरुजींच्या हातातून माईक निसटायचा राहिला. गोळी हरली, असंच त्यांना वाटलं. "सविता," त्यांनी कसंबसं विचारलं, "सोफ्यावर कोणी बसलंय का?"

"बसलंय नाना."

"तुला दिसतंय? नक्की?"

"फेटा बांधतायत त्यांना," सविता म्हणाली. तीही चक्रावली होती.

महेशचा जीव भांड्यात पडला. त्यानं वडिलांच्या हातातून माईक अलगद काढून घेतला आणि जाहीर केलं, "गुरुजींचा विनोदी स्वभाव आपल्याला माहीतच आहे." लोक हसले. त्यावरही टाळ्या पडल्या. गुरुजी ऐकत होते. चाळीस वर्षं ते समजत होते की आपण नाव घेतो, माणूस खरा असतो, म्हणून टाळ्या वाजतात. त्यांना खोल कुठंतरी फार लागलं.

सविताच्या आधारानं ते खाली उतरले आणि त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसले. लोकांचे सेल्फी चालले होते. ते आटोपल्यावर गुरुजींनी हळूच त्याच्या मनगटावर हात ठेवला. मनगट गरम होतं, घामेजलेलं होतं.

"कोण आपण?"

"ओळखलं नाय ना गुरुजी?" तो माणूस खालच्या आवाजात म्हणाला. "मी भिकन शेवाळे. नवरदेवाच्या गावाकडचा हाय. तुमच्या माईकवरची लय लग्नं खाल्लेत मी. घोटीचं, देवळाली कॅम्पाचं, लासलगावची तर मोजता येणार नाय. दर टायमाला कपडे इस्त्री करून लवकर येऊन पुढं बसायचो. वाटायचं, आज येईल आपलं नाव. तुमची नजर यायची आन वरून निघून जायची."

'माझ्या माईकवरून कोणी राहिलं नाही,' हे वाक्य गुरुजींच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी त्या तोंडाकडे पुन्हा पुन्हा पाहिलं, आठवेना. जे नव्हते ते त्यांना घरबसल्या महिनोन्महिने दिसले होते. हा समोर बसत होता, आणि एकदाही दिसला नव्हता. त्यावर कुठली गोळी घ्यायची, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं.

"मग आज उठलात कसे?"

"टाळ्या वाजत व्हत्या, कोणीच उठंना. मंग म्हणलं, एवढ्या टाळ्या वाया चालल्यात." भिकननं फेट्याचा शेमला सारखा केला. "घरी पोरांना दाखवायला फोटू काढून घेतलेत."

गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी सोफ्याच्या हाताला धरून उठायला सुरुवात केली. "थांबा. मी महेशकडून माईक मागतो. तुमचं नाव घेतो. भिकनराव शेवाळे. चांगलं मोठ्यानं घेतो. तुम्ही हजर आहात, मला दिसताय. आजवरचं सगळं एकदम भरून काढतो."

भिकननं घाईघाईनं त्यांचा हात धरून खाली ओढलं. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"नका घेऊ गुरुजी, पाया पडतो," तो म्हणाला. "भिकन म्हणून पुकारलं, तर फेटा काढून घेतील."

गुरुजी परत खाली बसले.